सासऱ्यांना अल्झायमर आहे, संध्याकाळ झाली की 'कॅश भरायची राहिली' म्हणून दाराशी जातात. कसं सांभाळावं?

गवतफूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७६. कराड डेपोला एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी तिकडेच झाली. सासूबाई गेल्यावर त्यांना पुण्याला आमच्याकडे आणलं, तेव्हाच विसरायला लागले होते पण आम्हाला वाटलं आई गेल्याच्या धक्क्याने असेल. मग एकदा खाली दूध आणायला गेले आणि भलत्याच सोसायटीत जाऊन बसले, तेव्हा न्यूरोकडे नेलं, एमआरआय वगैरे सगळं होऊन अल्झायमर सांगितलं. डोनेपेझिल, म्हणजे स्मरणशक्तीसाठीची गोळी, चालू आहे.

आता रोजचं असं आहे की पाच-साडेपाच वाजले की अस्वस्थ होतात, चप्पल घालून दाराशी, म्हणे कॅश भरायची राहिलीय, डेपोत जायचंय. दार लावलेलं असलं की चिडतात, कडी ओढत बसतात. पैशांवरून तर माझ्यावर सरळ आळ, "सूनबाई, माझे पैसे कुणी घेतले, तूच घेतलेस." शेजारच्या काकूंनाही सांगून आले. मला माहितीये की आजार बोलतोय पण ऐकून रडू येतंच हो. आंघोळीला हात लावू देत नाहीत, चार-चार दिवस जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधेच विचारतात "ही कुठं गेली?" आम्ही सांगतो अण्णा, आई गेल्या ना, तर त्यांना ते दर वेळी नव्यानेच कळतं आणि लहान मुलासारखे रडतात. तासाभराने परत तोच प्रश्न.

मिस्टरांचं म्हणणं मेंदूला सराव पाहिजे, म्हणून ते रोज विचारतात आज वार कोणता, हा फोटोतला कोण, पंतप्रधान कोण. पाहुणे आले की तेही तेच, "अण्णा, ओळखलं का मला?" मध्यंतरी चिडचिड फार झाली म्हणून क्वेटियापिन सुरू केलीय, त्याने शांत झाले खरे पण दिवसभर गुंगीत असतात, मान खाली घालून बसून राहतात, ते बघवत नाही.

कुठेतरी 'पर्सन सेंटर्ड केअर' असं वाचलं, माणूस आधी, आजार नंतर वगैरे. वाचायला छान वाटतं पण टू बीएचकेमध्ये, नोकरी करून, दहावीतलं पोर सांभाळून हे नक्की करायचं कसं? कुणी केलंय का प्रत्यक्ष?

डबलबेल

गवतफूल ताई, डिमेन्शियातलं, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांतलं, मला फार कळत नाही पण एसटीतलं कळतं. माझे वडीलही कंडक्टरच, आमचं बालपण क्वार्टर्समध्ये गेलं, म्हणून तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

तुम्ही ज्याला संध्याकाळची कटकट समजताय ना ती त्यांच्या नोकरीतली सगळ्यात टेन्शनची वेळ होती. ड्युटी संपली की कंडक्टर बसून चिल्लर आणि नोटा मोजणार, वेबिलाशी, म्हणजे तिकीटविक्रीच्या हिशोबाच्या कागदाशी, ताळा करणार, मग काउंटरवर भरणा, तिकिटांची पेटी जमा, मगच सुटका. कॅश कमी भरली तर ती त्याच्याच पगारातून जाते, आणि मधे लाईन चेकिंगवाले चढले, हिशोब जुळला नाही तर केस होते, मग कितीही प्रामाणिक माणूस असू दे. माझे वडील पाच रुपये कमी पडले तरी जेवायचे नाहीत नीट, परत परत मोजत बसायचे. तर ज्या माणसाने तीसेक वर्षं दुसऱ्याचे पैसे अंगावर बाळगले त्याला "पैसे कुठे गेले" ही भीती किती खोल असेल विचार करा. ते तुम्हाला चोर ठरवत नाहीयेत हो. त्यांच्या डोक्यात ताळा जुळत नाहीये, आणि समोर दिसतंय कोण, तर तुम्ही.

दार अडवून उपयोग नाही असं वाटतं. त्यापेक्षा चारच्या सुमाराला एक चामड्याची पिशवी, त्यात भरपूर चिल्लर आणि दहा-वीसच्या नोटा, एक वही पेन, असं टेबलावर मांडून ठेवा आणि म्हणा अण्णा एवढं मोजून द्या. एक, दोन, पाच, दहाच्या चळती लावू देत. काम त्यांच्या हातात बसलेलं आहे. आणि त्यांना विचारा मुक्कामी गाडीला कुठे झोपायचे, घाटात गाडी बंद पडली की काय करायचे. वडिलांच्या मित्रांचा अनुभव सांगतो, आजचं जेवण विसरतील पण सन ७२च्या दुष्काळातली फेरी स्टॉपसकट सांगतात.

लीड्सची_पुणेकर

डबलबेल, तुम्ही "मला कळत नाही" म्हणत जे लिहिलंय तेच आम्हाला इथे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये काम करते, डिमेन्शियाच्या विंगमध्ये.

गवतफूल, तुम्ही वाचलेल्या 'पर्सन सेंटर्ड केअर'च्या विचाराचं मूळ माझ्या इथून जवळच आहे, ब्रॅडफर्डला. टॉम किटवुड म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, १९९२ मध्ये त्यांनी ब्रॅडफर्ड विद्यापीठात डिमेन्शियावर काम करणारा ग्रुप सुरू केला, १९९७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. तोपर्यंत सगळ्यांचा सूर असा की मेंदू झिजतोय, आता खाऊ घाला, स्वच्छ ठेवा, संपलं. ते म्हणाले मेंदूचा आजार खरा आहेच, पण माणूस कसा दिसतो, कसा वागतो हे नुसत्या मेंदूवर ठरत नाही. त्याचा स्वभाव, त्याचं आयुष्य, तब्येत, ऐकू-दिसण्याची स्थिती आणि आजूबाजूचे लोक त्याच्याशी कसे वागतात या सगळ्याचं मिळून ते होतं. त्यांनी तासन् तास वॉर्डात बसून निरीक्षणं केली आणि चांगल्या मनाचे, अजिबात दुष्ट नसलेले लोकसुद्धा नकळत काय काय करतात याची यादी केली, सतरा प्रकार होते त्यात. समोर बसलेल्या माणसाबद्दल तो नसल्यासारखं बोलणं. त्याला झेपणार नाही इतक्या वेगाने बोलणं, भरवणं. त्याला जे वाटतंय ते "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावणं. जमत असलेलं कामही हातातून काढून घेणं. लहान मुलासारखं वागवणं, थट्टा करणं. आपल्या घराघरात हे चालतं आणि कुणाला वाईट वाटतं असंही नाही.

"ओळखलं का मला?" हा त्यातलाच प्रकार आहे, प्लीज बंद करा. तुमच्या मिस्टरांचा हेतू चांगला आहे मला कळतंय, पण ती रोजची तोंडी परीक्षा आहे आणि अण्णा त्यात रोज सगळ्यांसमोर नापास होतात. पाहुण्यांना दारातच सांगायचं की आल्यावर स्वतःच म्हणा, "अण्णा, मी सुरेश, तुमच्या बहिणीचा मुलगा, साताऱ्याहून आलोय." बघा त्यांचा चेहरा कसा सैल होतो.

किटवुड म्हणायचे माणसाला पाच गोष्टी लागतात आणि डिमेन्शियात त्यांची भूक कमी होत नाही, उलट वाढते. दिलासा, कुणाशी तरी घट्ट नातं, आपण चारचौघांत आहोत ही भावना, हाताला काम, आणि मी कोण आहे याची ओळख. मध्यभागी प्रेम. चिल्लर मोजण्यात काम आणि ओळख दोन्ही आलं.

आमच्याकडे नवीन रहिवासी आला की घरच्यांकडून एक छोटी पुस्तिका भरून घेतो, इथल्या अल्झायमर्स सोसायटीची आहे, 'दिस इज मी' नावाची. कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, चहा कसा, झोपताना दिवा लागतो का, कशाची भीती वाटते, काय केलं की शांत होतात. तुम्ही साध्या दोनशे पानी वहीत मराठीत करा. अण्णांच्या भावाला, जुन्या सहकाऱ्यांना फोन लावून विचारा. उद्या बाहेरची बाई ठेवली किंवा हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करायची वेळ आली तर ती वही सगळ्यात जास्त उपयोगाची. माझ्या विंगमध्ये एक आजी होत्या, रोज पहाटे चारला उठून कॉरिडॉरमध्ये फिरायच्या, रात्रीचा स्टाफ त्यांना परत परत झोपवायचा आणि त्या मारायला धावायच्या. मुलीने वहीत लिहिलं की त्या आयुष्यभर बेकरीत कामाला होत्या. मग चारला त्यांना एक कप चहा आणि घडी घालायला टॉवेल द्यायला लागलो. भांडण संपलं.

वाटसरू_एमडी

वरच्या दोघांनी छान लिहिलंय, मी वैद्यकीय बाजू मांडतो, वृद्धांच्याच ओपीडीत बसतो म्हणून.

आधी एक विचारतो. चिडचिड "मध्यंतरी फार झाली" म्हणालात, ती हळूहळू वाढली की एकदम चार-आठ दिवसांत? एकदम वाढली असेल तर त्याला डिमेन्शिया वाढला म्हणून सोडून देऊ नका. युरिन इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दात किंवा गुडघ्याचं दुखणं, सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, यातल्या कशानेही म्हातारा माणूस एका आठवड्यात पार बदलतो. त्यांना "दुखतंय" असं नीट सांगता येत नाही, मग ते हात झटकून, ओरडून सांगतात. लघवी तपासा, पोट साफ होतंय का बघा, कानात मळ आहे का, मोतीबिंदू आहे का हेही बघून घ्या. निम्मं ऐकू येत नसलेल्या माणसाला घरात सगळे आपल्याविषयीच कुजबुजताहेत असं वाटणारच.

क्वेटियापिनबद्दल. ही मूळ सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारांची औषधं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २००५ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. पडणं, गुंगी, ताठरपणा हेही होतं. म्हणून ती कधीच द्यायची नाहीत असं नाही, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, खूप भेदरलेला असेल तर थोड्या काळासाठी कमीत कमी डोसमध्ये लागतात. पण एकदा सुरू केली की वर्षानुवर्षं चालूच राहते हे चूक आहे. तुम्ही आपल्या मनाने एकदम बंद करू नका, पण पुढच्या व्हिजिटला सरळ विचारा, "डॉक्टर, ही कशासाठी आहे आणि कधी कमी करायची?" विचारायचा हक्क आहे तुमचा.

आंघोळीचं. सूनबाईंनी सासऱ्यांचे कपडे काढायचे, हे त्यांना कसं चालेल? आजार झाला म्हणून लाज जात नाही. मुलाने सकाळी ऑफिसच्या आधी घालावी किंवा पुरुष अटेंडंट बघा, निदान एक दिवसाआड. पंचा कमरेला राहू द्या, ओला झाला तर झाला. शॉवर नको, डोक्यावर अचानक पाणी आलं की घाबरतात. बादली, तांब्या, पाट किंवा स्टूल, पाणी आधी त्यांच्या हातावर घालून दाखवा. बाथरूमच्या चकचकीत टाइल्स त्यांना पाण्यासारख्या दिसू शकतात आणि काळं पायपुसणं खड्ड्यासारखं, ते बदला. आणि रोज आंघोळ झालीच पाहिजे असंही नाही, मधल्या दिवशी गरम पाण्याच्या टॉवेलने अंग पुसलं तरी चालतं.

आणि "ही कुठं गेली" यावर. आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये एक अभ्यास झाला होता, अल्झायमरच्या लोकांना दुःखी आणि आनंदी सिनेमांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने सिनेमा काय होता ते आठवेना, पण मनातलं दुःख किंवा आनंद टिकून राहिला. तुम्ही दर वेळी बातमी सांगता, अण्णा बातमी विसरतात आणि जड मन तसंच राहतं. मग संध्याकाळी ते कशावर तरी निघतं.

स्पष्टवक्ती

सगळ्यांचं पटतंय पण मला एक बोलायचंय. वर सगळ्यांनी 'तुम्ही हे करा, तुम्ही ते करा' लिहिलंय, आणि हे तुम्ही म्हणजे कोण तर सूनबाई. मुलगा प्रश्नमंजूषा घेणार आणि सून चिल्लर मांडणार, पंचा धुणार, वही लिहिणार, शेजारणीकडून चोर म्हणवून घेणार. अण्णा माणूस आहेत तशी गवतफूलही माणूस आहे ना. मी आईचं केलंय शेवटपर्यंत. रात्री तीनला सातव्यांदा उठवलं की गोड बोलणं राहत नाही अंगात. नणंद आहे का? दीर आहे का? महिन्यातले दोन रविवार त्यांनी येऊन अण्णांजवळ बसावं आणि तुम्ही घराबाहेर पडावं, हे लाजायचं नाही, सरळ मागायचं.

दुसरं, आई गेल्या हे सांगायचं नाही मग काय सांगायचं? "माहेरी गेल्यात, येतील" असं? मला ते खोटं बोलणं नकोसं वाटतं. माणूस म्हणून मान द्यायचा म्हणता आणि तोंडावर फसवायचं?

लीड्सची_पुणेकर

स्पष्टवक्ती, अगदी रास्त आहे तुमचं. किटवुडच्या यादीत फसवणूक सगळ्यात वर होती. आमच्या स्टाफमध्येही यावर वाद होतात. काहीजण म्हणतात एवढ्याशा खोट्याने माणूस शांत होत असेल तर काय हरकत. मला स्वतःला मधला रस्ता पटतो. नेओमी फाइल म्हणून होत्या, अमेरिकेत आयुष्यभर वृद्धाश्रमांत काम केलं त्यांनी, त्यांचं म्हणणं होतं की दुरुस्तही करू नका आणि खोटंही बोलू नका, त्यांच्या मनात जे चाललंय तिथे जाऊन त्यांच्याजवळ बसा.

म्हणजे अण्णांनी विचारलं "ही कुठं गेली?" तर शेजारी बसून म्हणायचं, "आईंची आठवण आली का अण्णा?" मग "आई तुम्हाला ड्युटीवर डब्यात काय द्यायच्या हो?" बहुतेक वेळा माणूस बोलायला लागतो, त्याला ती हवी असते, पत्ता नको असतो. पण कधी अण्णांनी डोळ्यात बघून सरळ विचारलं, "ती गेली का गं?" तर हो म्हणावं, हात धरून. त्यांना त्या क्षणी माहीत असतं. तेव्हा टाळलं तर मात्र ती फसवणूक होते.

आणि चिल्लरचं खोटं नाहीये. मोजणं खरंच आहे की.

मांडवीकाठ

स्पष्टवक्तीच्या पहिल्या मुद्द्यावर आमच्या गोव्यातलं सांगतो. इथे मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगथ संस्थेने तिसवाडी आणि बार्देश तालुक्यात ८१ कुटुंबं घेऊन अभ्यास केला होता, २००८ मध्ये छापून आला. गावातल्याच सामान्य लोकांना ट्रेनिंग देऊन घरोघरी पाठवलं, मागे डॉक्टरांचा आधार होताच, पण रोजचं काम त्यांचं. ते घरी जाऊन काय करायचे, तर आजार समजावून सांगायचे, अशा वागण्याला कसं तोंड द्यायचं ते दाखवायचे, घरच्यांचं ऐकून घ्यायचे, बाकीच्या नातेवाइकांना कामाला लावायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायचे. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांची मानसिक स्थिती सुधारलेली दिसली. एवढं साधं. मोठं सेंटर नाही की मशीन नाही.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नातेवाइकांना कामाला लावणं, कारण घरातल्या घरात सुनेने सांगितलं तर ते कुणी मनावर घेत नाही, तेच बाहेरच्या माणसाने बसवून सांगितलं की घेतात. भारतात साठीपुढचे साधारण ८८ लाख लोक डिमेन्शियाचे आहेत असा अंदाज २०२३ मध्ये आला होता, आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांना घरचेच सांभाळतात. तेव्हा सांभाळणारा मोडला तर पुढे कोणीच नाही. गवतफूल, फॅमिली डॉक्टरांना सांगा की मिस्टरांना आणि नणंदेला एकत्र बोलावून घ्या आणि तुम्ही त्यांच्याशी बोला.

गवतफूल

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना रडले थोडी. चार-पाच दिवसांनी लिहितेय कारण करून बघायचं होतं.

चिल्लर जमली. म्हणजे रोज नाही. परवा मोजत बसले तासभर, चळती लावल्या, मला म्हणाले "बत्तीस रुपये शॉर्ट आहेत, लिहून ठेव." मी लिहिलं, त्यांनी खाली सही केली, आणि सही इतकी टापटीप की मी बघतच राहिले. काल मात्र पिशवी ढकलून दिली आणि दाराशीच गेले, मग मिस्टर त्यांना घेऊन खाली चक्कर मारून आले, गेटपर्यंत जाऊन परत, तेवढ्याने भागलं. ही पोस्ट मी मिस्टरांना वाचायला दिली. काही बोलले नाहीत, पण वार विचारणं बंद झालंय आणि रविवारची आंघोळ त्यांनी घातली. लघवीत इन्फेक्शन निघालं डॉक्टर, गोळ्या सुरू केल्यात. गुंगीच्या गोळीचं सोमवारी विचारणार आहोत.

पैशांचा आळ आहेच. पण आता मी "मी नाही घेतले" म्हणत नाही, "थांबा अण्णा, आपण दोघं मिळून शोधू" म्हणते, त्याने आवाज तरी खाली येतो.

एक विचारायचंय, मी ऑफिसला असते तेव्हा ब्युरोची मावशी असते, ती चांगली आहे पण दिवसभर टीव्हीसमोर बसवते. डे केअरसारखं काही असतं का? आणि चुकून बाहेर पडलेच तर?

वाटसरू_एमडी

इन्फेक्शन सापडलं हे बरं झालं, कोर्स पूर्ण करा, पाणी भरपूर. ते बरं झाल्यावर चिडचिड किती राहते बघून मग क्वेटियापिनचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

डे केअरसाठी एआरडीएसआयच्या (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) शाखेकडे चौकशी करा. ही संस्था १९९२ मध्ये केरळात सुरू झाली, आता बऱ्याच शहरांत शाखा आहेत. ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन १४५६७, फोन फुकट आहे, जवळपास काय सोय आहे तेही सांगतात. सेंटर बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, लोकं काय करताहेत ते बघा. सगळे भिंतीला पाठ लावून टीव्ही बघत असतील तर मावशी बरी. कर्मचारी खाली वाकून, नाव घेऊन बोलतात का, आणि तुम्हाला अण्णांचं पूर्वायुष्य विचारतात का, एवढं बघा.

बाहेर पडण्यासाठी आत्ताच तयारी ठेवा. अलीकडचा फोटो, उंची, कुठल्या खुणा आहेत, कुठे जाऊ शकतात, हे एका कागदावर लिहून मोबाइलमध्ये आणि वॉचमनकडे. शर्टाच्या आत नाव आणि तुमचा फोन शिवून घ्या, कार्ड खिशात ठेवलं तर काढून टाकतात. आणि अण्णांच्या बाबतीत, हरवले तर आधी जवळचा एसटी स्टँड बघायचा.

डबलबेल

स्टँडवर गेलात तर चौकशीच्या खिडकीवर सांगा की रिटायर्ड कंडक्टर आहेत, कराड डेपोचे. आपली माणसं बसवून ठेवतील, चहा पाजतील. मावशींना एक सांगून बघा ताई, दुपारी टीव्हीऐवजी जुन्या वेळापत्रकाचा कागद अण्णांपुढे ठेवायचा आणि विचारायचं कराडहून पाटणला जायला कुठली गाडी धरू. मी वडिलांच्या कपाटात बघतो, जुनं वेळापत्रक असलं तर फोटो काढून इथेच टाकतो.